दोराचं वरचं टोक

मंगळवारी रात्री नऊला
तलावावरची पोरंटोरं ओले टॉवेल फरफटत घरी गेली
की आमचा क्लब पाण्यात उतरतो.
लोर्कन टपाल वाटतो, डिम्पनाचं खाटकाचं दुकान आहे,
टायग शाळेची बस चालवतो,
आणि गावातली निम्मी डोकी
महिन्यातून एकदा माझ्या कात्रीखालून जातात.

सत्तेचाळिसाव्या वर्षी कसलं हे खूळ, आई म्हणाली.
खरं कारण मलाही ठाऊक नव्हतं.
सगळा जन्म मेयोच्या या किनाऱ्यावर काढला,
अटलांटिकच्या आत काय आहे ते कधी पाहिलं नाही;
शेजाऱ्याशी चाळीस वर्षं
उंबऱ्याबाहेरूनच बोलावं, तसं.

लोर्कनचा नियम एकच:
श्वास रोखायचा नाही. काहीही झालं तरी.
काठावर सोपं वाटतं.
दीड पुरुष पाण्यात गुडघे टेकून
मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं
आणि नाकानं फुंकून बाहेर काढायचं.
तीन मंगळवार मी खोकत, शिंकत, शिव्या देत वर आले.
चौथ्या मंगळवारी डिम्पना समोर बसली,
मटण तोलणाऱ्या जाड हातांनी
माझी दोन्ही मनगटं धरली.
शिकवलं काही नाही. नुसती धरली.
डोळ्यांवरून पाणी उतरलं
तर रेग्युलेटरच्या मागे ती हसत होती,
बुडबुड्यांनी.

नोव्हेंबरात फोन आला.
खेकड्यांचे पिंजरे उचलायला गेलेली एक होडी
खडकाला लागलेली सापडली होती,
रिकामी, इंजिन चालूच.

क्लब म्हणजे मला वाटलं होतं सहली, फोटो,
छपरीतला चहा, टायगचे तेच तेच विनोद.
वर्गणीच्या पावतीत हेही येतं
असं कुणी सांगितलं नव्हतं.

समुद्रात उतरायची मला अजून परवानगी नव्हती.
माझ्या हातात दोर दिला.
एक ओढ: ठीक आहेस ना?
उलट एक ओढ: ठीक.
चार आल्या तर वर खेच, विचारत बसू नकोस.

दोन दिवस त्या दोराच्या खालच्या टोकाला
शेवाळाच्या रानात लोर्कन चाचपडत होता,
स्वतःचा पंजाही दिसत नव्हता म्हणे;
वरच्या टोकाला मी, उघड्या हातांनी,
कारण लोकरीतून ओढ कळत नाही.
धक्क्यावर त्याची माणसं उभी होती.
कुणी सँडविच आणून ठेवत होतं, कुणी ती झाकत होतं.
आणि मला राहून राहून
कॉनलचं डोकं आठवत होतं:
मागच्याच शुक्रवारी कापलेले केस,
मानेजवळचा भोवरा,
कसाही कापा, उभाच राहायचा.
थोडे लांबच ठेव, थंडी येतेय, म्हणाला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी
दोर पाचदा ओढला गेला.
पाचाचा अर्थ मला कुणी शिकवला नव्हता.
टायगनं टोपी काढली तेव्हा कळला,
आणि तेव्हाच हेही
की मी कधीची श्वास रोखून उभी होते.

सोमवारी माझं दुकान बंद असतं.
तरी लोर्कन आला. मग डिम्पना.
मग टायग, ज्याला चांगलं वाटोळं टक्कल आहे.
कुणाचेच केस वाढलेले नव्हते.
मी विचारलं नाही.
एकेकाला खुर्चीत मागे रेलवलं,
पाणी कोमट आहे ना ते मनगटावर पाहिलं
आणि डोकी धूत राहिले;
मीठ तर केव्हाच निघून गेलं होतं.

टायगनं डोळे मिटले होते.
त्याच्या खांद्यावर मी एकदा बोट दाबलं.
बऱ्याच वेळानं
त्यानं खुर्चीच्या हातावर एकदा टिचकी मारली.
मग म्हणाला, टकलाला निम्मा दर ना?
विनोद जुनाच.